व्हॉयेजर १ : ३ टक्के मेमरी गेली, तरी यान पुन्हा बोलतं कसं झालं?

हेक्सडंप (धागाकर्ता)

मे २०२५ मध्ये नासाची बातमी आली की व्हॉयेजर १ (१९७७ साली सोडलेलं नासाचं अवकाशयान) चे २००४ पासून कामातून गेलेले धरलेले थ्रस्टर, म्हणजे यानाची दिशा राखणारी छोटी इंजिनं, पुन्हा सुरू झाले. ती बऱ्याच जणांनी वाचली असेल. पण मला लिहायचंय त्याच्या आधीच्या, २०२३-२४ च्या दुरुस्तीबद्दल. ज्याने आयुष्यात एकदा तरी कोड डीबग केलाय, त्याच्यासाठी खरा ऐवज तिथे आहे, आणि मी वाचलेल्या बातम्यांत नेमका तोच भाग गाळलेला होता.

१४ नोव्हेंबर २०२३ ला व्हॉयेजर १ कडून येणारा डेटा निरर्थक झाला. सिग्नल येत होता, पण त्यात एक आणि शून्याची तीच ती नक्षी पुन्हा पुन्हा. इकडून पाठवलेल्या आज्ञा यान पाळत होतं. फक्त तिकडून येणाऱ्या मजकुराला अर्थ उरला नव्हता.

यानावर तीन प्रकारचे कॉम्प्युटर आहेत. सीसीएस आज्ञा घेतो, एएसीएस यानाची दिशा सांभाळतो, आणि एफडीएस सगळ्या उपकरणांची मोजमापं आणि यानाच्या तब्येतीची माहिती गोळा करून ठरलेल्या साच्यात बांधून प्रक्षेपणासाठी पुढे देतो. प्रत्येकाचे दोन संच बसवले होते, पण व्हॉयेजर १ वरचा एफडीएसचा दुसरा संच फार पूर्वीच निकामी झालाय. म्हणजे बिघाड झाला तो नेमका जिथे पर्याय नाही तिथे. डिसेंबरात एफडीएस रीस्टार्ट करून पाहिला, उपयोग झाला नाही.

आता परिस्थिती बघा. यान २४ अब्ज किलोमीटरवर. आज्ञा पोहोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. एकेका प्रयोगाला दोन दिवस. जमिनीवर या कॉम्प्युटरची चालती नक्कल नाही की जिच्यावर आधी करून बघावं. कागदपत्रं सत्तरच्या दशकातली, आणि ती लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग कधी कल्पिलेलाही नव्हता. चुकीची आज्ञा गेली तर काय होईल, हे फक्त वाचून आणि विचार करून ठरवायचं.

१ मार्च २०२४ ला टीमने एक 'पोक' पाठवला. प्रोग्रॅमचा कुठला तरी भाग खराब असेल तर तो टाळून एफडीएसने दुसऱ्या वाटेने जाऊन बघावं, एवढाच त्याचा हेतू. ३ मार्चला जे उत्तर आलं त्यातला एक तुकडा बाकीच्या नक्षीपेक्षा वेगळा होता. तोही नेहमीच्या साच्यात नव्हता, त्यामुळे ते काय आहे हे आधी कुणालाच कळेना. मग डीप स्पेस नेटवर्कच्या (दूरच्या यानांशी बोलणाऱ्या नासाच्या डिशांच्या जाळ्याच्या) एका इंजिनियरने तो उलगडला. ती होती एफडीएसची अख्खी मेमरी. कोड, व्हेरिएबल, सगळं. यानाने आपला मेमरी डंप पाठवून दिला होता!

इथून पुढचं काम आपल्यापैकी अनेकांना ओळखीचं वाटेल. बिघाडाच्या आधीचा डंप टीमकडे होता. दोन्ही शेजारी ठेवायचे आणि फरक शोधायचा. फरक सापडला : सुमारे ३ टक्के मेमरी खराब. एफडीएसमध्ये १६ बिटांचे ८१९२ शब्द मावतात, म्हणजे साधारण अडीचशे शब्द. संशय एकाच मेमरी चिपवर गेला. अवकाशातला एखादा जोरकस कण तिच्यावर आदळला असेल किंवा ४६ वर्षांत ती झिजली असेल.

चिप बदलता येत नाही, मग त्या जागेतला कोड दुसरीकडे हलवायचा. पण संपूर्ण तुकडा मावेल एवढी सलग रिकामी जागा एफडीएसमध्ये कुठेच नव्हती. म्हणून कोडचे तुकडे केले आणि जिथे जिथे चिमूटभर जागा होती तिथे ते बसवले. तुकडा हलला की त्यातला प्रत्येक पत्ता चुकतो, आणि मेमरीत इतर ठिकाणांहून त्याच्याकडे येणाऱ्या उड्याही ('आता त्या पत्त्यावर जा' अशा सूचना) चुकतात. त्या सगळ्या शोधून दुरुस्त करायच्या. एक जरी राहिली तर प्रोसेसर भलत्याच जागी जाऊन भलतंच काही चालवू लागणार.

सगळं एकदम हलवलं नाही, हा निर्णय मला फार आवडला. आधी फक्त यानाची तब्येत कळवणारा कोड. १८ एप्रिलला तो पाठवला, २० एप्रिलला उत्तर आलं, आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा यानाची वाचता येण्यासारखी माहिती हाती पडली. त्यानंतर मे महिन्यात दोन उपकरणं, आणि १३ जून २०२४ ला नासाने जाहीर केलं की चारही उपकरणं पूर्ववत काम करताहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे. हे यान वाचलं, कारण १९७७ साली बनवणाऱ्यांनी ते उघडं ठेवलं होतं. मेमरीतला प्रत्येक शब्द पृथ्वीवरून बदलता येतो, आतलं सगळं बाहेर वाचून दाखवता येतं, आणि कागद कुणी रद्दीत घातले नाहीत. आज आपण विकत घेतो त्या कुठल्या वस्तूबद्दल हे म्हणता येईल? पाच वर्षांत कंपनी सर्व्हर बंद करते आणि धडधाकट कॅमेरा कचऱ्यात जातो. मला याचा खरोखर राग येतो. तुमचं काय मत?

---

टर्मिनल७७

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

उड्या दुरुस्त करण्याबद्दल लिहिलंत म्हणून थोडं सविस्तर लिहितो, तरुण मंडळींनी हे हाताने केलेलं नसेल. आम्हाला पॉलिटेक्निकला ८०८५ प्रोसेसरचं किट होतं. हेक्स कीपॅड, सहा सेव्हन-सेगमेंट आकडे, बास. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, डाव्या बाजूला पत्ते घालायचे, शेजारी ऑपकोड (सूचनेचा आकडा), मग एकेक बाइट दाबत बसायचं. सगळं भरून झाल्यावर कळायचं की मधली एक सूचना राहिली. आता ती घुसवायची तर खालचे सगळे बाइट पुढे सरकवावे लागणार आणि प्रत्येक उडीचा पत्ता बदलणार.

मग सरांनी युक्ती शिकवली. मधल्या तीन बाइटांच्या जागी जंप टाका : सी३, मग पत्त्याचा खालचा बाइट, मग वरचा. उडी मारून रिकाम्या जागेत जा, तिथे पुसलेल्या सूचना पुन्हा लिहा, राहिलेली सूचना घाला, आणि दुसऱ्या जंपने परत या. पण ते तीन बाइट जर एखाद्या सूचनेच्या मधोमध तुटत असतील तर उरलेले बाइट ००, म्हणजे नॉप (काहीच न करणारी सूचना), करावे लागतात. आणि दुसरी एखादी उडी त्याच जागेत मध्येच येऊन पडत असेल तर सगळं बिनसतं. ही उडी शोधायला अख्खी वही पुन्हा वाचावी लागायची.

एफडीएसचा इन्स्ट्रक्शन सेट वेगळा, पण कामाची जात हीच. आमचं किट टेबलावर होतं आणि रीसेटचं बटण बोटाशी होतं. यांचं बटण साडेबावीस तासांवर. त्या मंडळींना माझा दंडवत.

---

सातपुडा

धाग्याबद्दल आभार. दोन शंका.

१. व्हॉयेजरमध्ये आरसीए १८०२ मायक्रोप्रोसेसर आहे असं वाचलं होतं. आणि सॉफ्टवेअर फोर्ट्रानमध्ये आहे म्हणतात. मग हाताने पत्ते कशाला बदलायचे, पुन्हा कंपाइल केलं की झालं ना?

२. एकूण मेमरी ६९ केबी असं सगळीकडे छापतात आणि तुम्ही ८१९२ शब्द म्हणताय. नेमकं खरं काय?

---

हेक्सडंप

सातपुडा, दोन्ही शंका योग्य आहेत, नेटवर या गोष्टींचा बराच घोळ आहे.

१८०२ व्हॉयेजरमध्ये नाही. तो पुढे गॅलिलिओ यानात वापरला गेला, आणि त्यातून ही दंतकथा पसरली असावी. व्हॉयेजरवर एका चिपमधला मायक्रोप्रोसेसर असा नाहीच. सुट्या चिपांमधून बांधलेले खास कॉम्प्युटर आहेत. सीसीएस हा त्याआधीच्या व्हायकिंग ऑर्बिटरच्या कॉम्प्युटरवरून घेतलेला. फोर्ट्रान जमिनीवरच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, यानावरचा कोड असेंब्लीत आहे.

मेमरीचा हिशेब करून दाखवतो. सीसीएस आणि एएसीएस : प्रत्येकी ४०९६ शब्द, १८ बिटांचे, दोन-दोन संच. त्याचे ३६,८६४ बाइट. एफडीएस : ८१९२ शब्द, १६ बिटांचे, दोन संच. त्याचे ३२,७६८ बाइट. बेरीज ६९,६३२. म्हणजे ६९ केबीचा आकडा बरोबर आहे, पण तो सहाही संच मिळूनचा. एफडीएसचा जो एकच संच उरलाय, त्यात १६ केबी. त्यातले ३ टक्के गेले.

आणखी एक बारकावा. सीसीएस आणि एएसीएसची मेमरी चुंबकीय, प्लेटेड वायरची, वीज गेली तरी मजकूर टिकणारी. एफडीएसला वेग हवा होता म्हणून तिथे सीमॉस मेमरी घेतली. अवकाशयानात तोवर ती कुणी वापरली नव्हती. वीज गेली की ती कोरी होणार, म्हणून तिला अणुबॅटरीकडून थेट वेगळी वीजवाहिनी दिली. १९७७ सालचा हा धाडसी निर्णय अजून चालतोय, आणि त्याचमुळे मार्च २०२४ मध्ये वाचण्यासारखं आत काहीतरी होतं.

---

सातपुडा

आता स्पष्ट झालं. मनापासून धन्यवाद!

---

फायरवॉल

लेख आवडला, पण शेवटच्या परिच्छेदाशी असहमत.

मी एम्बेडेड सुरक्षेत काम करतो. ज्या उपकरणाची मेमरी बाहेरून कुणीही वाचू आणि बदलू शकतो, ते इंटरनेटला जोडलेलं उपकरण म्हणजे चोराला दिलेली किल्ली. २०१६ साली मिराय बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) घरोघरचे कॅमेरे आणि राउटर नुसत्या कारखान्याच्या पासवर्डवर ताब्यात घेतले होते. व्हॉयेजरला हे परवडतं, कारण त्याला आज्ञा द्यायची तर ७० मीटरची डिश आणि प्रचंड ताकदीचा ट्रान्समीटर लागतो. तुमच्या बाळाच्या खोलीतल्या कॅमेऱ्याला ते संरक्षण नाही. फर्मवेअरवर (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) कंपनीची डिजिटल सही हवीच.

---

हेक्सडंप

फायरवॉल, सही असावी, मान्य. माझा आक्षेप सहीला नाही, किल्ली कुणाकडे राहते त्याला आहे. मालकाच्या हातात उपकरण असताना, मागचं बटण दाबून, केबल लावून, स्वतःची किल्ली बसवता आली पाहिजे. बाहेरच्याला इंटरनेटवरून ते करता येऊ नये. बऱ्याच लॅपटॉपवर सिक्युअर बूटची किल्ली मालकाला बदलता येते, म्हणजे दोन्ही एकत्र शक्य आहे. आणि कंपनी उत्पादन बंद करते तेव्हा तरी शेवटच्या अपडेटमध्ये हे कुलूप काढून द्यावं. एवढं कायद्याने सक्तीचं व्हावं असं माझं ठाम मत आहे.

---

फायरवॉल

हातात उपकरण असण्याची अट घातली तर माझा विरोध नाही. तरी कंपन्या हे स्वतःहून करणार नाहीत, कारण शेवटचं अपडेट लिहायलाही कुणीतरी पगारावर लागतो.

---

खोडदची_वाट

आमच्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटरच्या ३० डिश. २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापरेली यानाचा सिग्नल तिने पकडला होता, त्या वेळी आम्हा गावकऱ्यांना केवढा अभिमान वाटला होता. मग ती व्हॉयेजर ऐकू शकेल का? कुणी सांगेल का?

---

क्यूएसएल_कार्ड

हौशी रेडिओवाला या नात्याने उत्तर देतो. दुर्दैवाने नाही, आणि कारण संवेदनशीलतेचं नाही, फ्रिक्वेन्सीचं आहे. शियापरेली ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत होतं, ते जीएमआरटीच्या पट्ट्यात अगदी मधोमध. व्हॉयेजर १ बोलतं ८.४ गिगाहर्ट्झवर. जीएमआरटी साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकते. तिच्या डिश तारांच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोकं लाटेच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान असली तरच लाट परतते. ८.४ गिगाहर्ट्झला लाट जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची.

पण निराश होऊ नका. नेदरलँड्समधली ड्विंगेलू दुर्बीण १९५० च्या दशकातली, २५ मीटरची, तीही जाळीची आणि कमी फ्रिक्वेन्सीसाठी बांधलेली. आता ती हौशी मंडळी सांभाळतात. २०२४ च्या अखेरीस त्यांनी तिच्यावर ८.४ गिगाहर्ट्झचा वेगळा अँटेना बसवला, पृथ्वीच्या आणि यानाच्या गतीमुळे होणारा डॉप्लरचा फरक हिशेबातून काढला, आणि व्हॉयेजर १ चा कॅरियर (मूळ रेडिओलहर) पडद्यावर बारीक रेघ म्हणून दिसला. त्याआधी २००६ मध्ये जर्मनीत बोखुमच्या २० मीटर डिशवर हौशींनीच हे केलं होतं. यानाचा ट्रान्समीटर तेवीस वॅटच्या आसपासचा आहे हे लक्षात घ्या. घरातल्या ट्यूबलाइटपेक्षाही कमी.

---

खोडदची_वाट

क्यूएसएल_कार्ड, इतकं समजावून सांगितल्याबद्दल आभार. जाळीचं कारण ठाऊक नव्हतं.

---

मेलबर्नकर

कॅनबेराजवळ टिडबिनबिलाला डीप स्पेस नेटवर्कचं केंद्र आहे, तिथे मुलांना घेऊन गेलो होतो. ७० मीटरची डीएसएस-४३ डिश कुंपणापलीकडे उभी असते. तिच्या कडेच्या इमारती खेळण्यातल्या वाटतात. मुलगी विचारत होती, आत्ता ही कुणाशी बोलतेय? आत पडद्यावर व्हॉयेजर २ चं नाव होतं.

धाग्यात हिचा उल्लेख हवाच. जुलै २०२३ मध्ये व्हॉयेजर २ ला चुकीची आज्ञा जाऊन त्याचा अँटेना पृथ्वीपासून २ अंश ढळला होता आणि संपर्क तुटला होता. ऑगस्टमध्ये याच डिशवरून पूर्ण ताकदीने 'ओरडून' आज्ञा दिली आणि यान वळलं. व्हॉयेजरना आज्ञा पाठवण्याएवढी ताकद असलेली ही एकमेव डिश. आणि ती ४ मे २०२५ पासून फेब्रुवारी २०२६ पर्यंत दुरुस्तीसाठी बंद ठेवायचं ठरलं होतं, मध्ये थोड्या दिवसांसाठी चालू करायची तेवढीच.

---

हेक्सडंप

मेलबर्नकर, थ्रस्टरच्या कामाची घाई याच तारखेमुळे झाली.

व्हॉयेजर १ ला स्वतःभोवती फिरवून, दिशा ओळखायला वापरतात त्या मार्गदर्शक ताऱ्याकडे रोखून धरणारे थ्रस्टर आहेत. मूळच्या संचाचे दोन हीटर २००४ मध्ये बंद पडले, तेव्हापासून पर्यायी संच चालतोय. त्या संचाच्या नळ्यांत गाळ साचत चाललाय, इंधनटाकीतल्या रबरी पडद्यातून सुटलेला. तो संच तुंबला तर डिश बंद असताना काही करताही येणार नव्हतं. म्हणून टीमने २००४ चा निष्कर्ष पुन्हा तपासायला घेतला. हीटर जळालेच नसतील, त्यांच्या वीजपुरवठ्याचा एखादा स्विच चुकीच्या बाजूला पडला असेल तर?

धोका मोठा होता. यान मार्गदर्शक ताऱ्यापासून फार ढळलं असतं तर थ्रस्टर आपोआप पेटले असते, आणि हीटर थंड असताना पेटले तर छोटासा स्फोट होण्याची भीती. तरी २० मार्च २०२५ ला प्रयोग केला. तेवीस तासांनी सिग्नल आला आणि वीस मिनिटांत हीटरचं तापमान चढताना दिसलं. एकवीस वर्षांपूर्वी 'दुरुस्त होणार नाही' असा शिक्का बसलेली गोष्ट कुणीतरी पुन्हा उघडून वाचली, म्हणून हे झालं.

---

केपें_ते_पणजी

अवांतर वाटेल, पण राहवत नाही. व्हॉयेजरवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या ध्वनितबकडीत आमच्या गोव्याच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या त्या. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला, आणि केसरबाई १६ सप्टेंबरला मुंबईत निवर्तल्या. अवघ्या ११ दिवसांचं अंतर. त्याच तबकडीवर ५५ भाषांतल्या शुभेच्छांमध्ये मराठीही आहे. हेक्सडंप म्हणतात ती १६ केबीची मेमरी आणि ही भैरवी एकाच सांगाड्यावर बसून चालली आहेत, हे वाचून मला भरून आलं.

---

टर्मिनल७७

अवांतर मुळीच नाही. भैरवीने मैफल संपते, इथे ती पुढे चाललीय.

---

रात्रपाळी

उशिरा वाचला धागा. व्यावहारिक प्रश्न : अजून किती वर्षं? आणि नोव्हेंबर २०२६ मध्ये यान एक प्रकाश-दिवस अंतरावर जाईल म्हणतात, त्याने कामात काही फरक पडतो का?

---

हेक्सडंप

प्रकाश-दिवसाने तांत्रिक फरक काही नाही. आज्ञा जायला २४ तास, उत्तर यायला २४ तास, एवढंच.

खरी मर्यादा विजेची. प्लुटोनियम-२३८ च्या तीन अणुबॅटऱ्या सुरुवातीला सुमारे ४७० वॅट देत होत्या, आता दरवर्षी साधारण ४ वॅट कमी होतात. त्यामुळे एकेक उपकरण बंद करावं लागतंय. २५ फेब्रुवारी २०२५ ला व्हॉयेजर १ चं वैश्विक किरणांचं उपकरण बंद केलं. कमी ऊर्जेच्या भारित कणांचं उपकरण २०२६ मध्ये बंद करायचं ठरलं होतं. मग चुंबकत्वमापक आणि प्लाझ्मा-लहरींचं उपकरण उरतील. अशी काटकसर करत किमान एक उपकरण २०३० च्या दशकात चालू ठेवायचा टीमचा बेत आहे.

वीज इतकी तंग आहे की ऑक्टोबर २०२४ मध्ये एक हीटर लावायची आज्ञा दिली, तर संरक्षक यंत्रणेने मुख्य ट्रान्समीटरच बंद करून १९८१ पासून न वापरलेला एस-बँड ट्रान्समीटर सुरू केला. तो सिग्नल खूप क्षीण, तरी डीप स्पेस नेटवर्कने शोधून काढला आणि नोव्हेंबरात यान मूळ पट्ट्यावर आणलं. पुढचे बिघाड बहुधा याच प्रकारचे असतील : थोडी उष्णता कमी पडली, इंधनाची नळी गोठायला आली, एखादा हीटर लावू की उपकरण चालू ठेवू. मेमरी डंप आता टीमकडे ताजा आहे, त्यामुळे एफडीएस पुन्हा बिघडला तर निदान शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

डीप स्पेस नेटवर्कचं थेट पान बघत जा, कुठली डिश कुठल्या यानाशी बोलतेय ते तिथे दिसतं. व्हॉयेजर १ ची ओळ आली की वेग बघा, बहुतेक वेळा १६० बिट प्रति सेकंद. नवीन काही बातमी आली की इथेच टाकतो.